आठवणीची वहिवाट

७ नोव्हेंबर २०२२ रोजी अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल वाहतुकीला बंद झाला आणि पश्चिम उपनगरांतल्या माणसांचं रोजचं वेळापत्रक कोलमडलं. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तर आता कुठून जायचं, याची यादी वाहतूक पोलिसांनी काढली. खार सबवे, मिलन सबवेवरचा पूल, अंधेरी सबवे, जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे पूल, गोरेगावचा मृणालताई गोरे पूल. पार्ल्याचा पूल या यादीत त्याच्या पूर्ण नावानिशी आला होता: कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल. गोखल्यांचा भार दोन गोऱ्यांवर आला, असं म्हणायला हरकत नव्हती. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ती यादी फिरली, वर्तमानपत्रांत नकाशासकट छापून आली. गोरेगावच्या गोरे म्हणजे पाणीवाली बाई, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. पार्ल्याचे हे दुसरे गोरे कोण, हे मात्र त्या पुलावर तासतासभर अडकून पडलेल्यांतल्या बहुतेकांना सांगता आलं नसतं.

विनायक गोरे पार्ल्याचे. २६ सप्टेंबर १९९५ रोजी ते काश्मीरमध्ये कुपवाड्याला धारातीर्थी पडले. १९९५ हे साल महत्त्वाचं आहे. कारगिलचं युद्ध त्यानंतर चार वर्षांनी झालं आणि ते घराघरांत टीव्हीवर दिसलं. तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्या, मानवंदना, पुष्पचक्रं, गल्लीच्या तोंडाशी लोटलेली गर्दी, हे सगळं आपल्या डोळ्यांना सवयीचं झालं ते कारगिलपासून. त्याआधी काश्मीरमध्ये जवान पडत होते तेव्हा वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी येत आणि दुसऱ्या दिवशी पान उलटलं जाई. युद्ध जाहीर झालेलं नसताना आलेलं ते मरण होतं. ते लक्षात ठेवायचं तर घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच.

कॅप्टन गोरे यांच्या आई अनुराधा गोरे शिक्षकी पेशातल्या. मुलगा गेल्यानंतर त्यांनी लिहायला घेतलं. 'वारस होऊ अभिमन्यूचे', 'ओळख सियाचेनची' ही त्यांची पुस्तकं मराठी वाचकांना ठाऊक आहेत. शाळाशाळांतून, व्याख्यानमालांतून त्या सैनिकांविषयी बोलत आल्या. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्या मुलाच्या आठवणीसाठी त्यांनी लेखणी धरली, पण लिहिलं ते दुसऱ्यांच्या मुलांवर. सियाचेनमध्ये माणूस राहतो कसा, खातो काय, बर्फात पाय कसा काळा पडतो, परमवीरचक्र मिळालेल्यांनी नेमकं काय केलं होतं, हे सातवी-आठवीतल्या मुलाला कळेल असं सांगणं हे पुतळा उभारण्याहून चिवट काम आहे. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला की जबाबदारी संपते. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही तर ते मरतं. म्हणून तिथे सतत कुणाला तरी राबावं लागतं.

हे पार्ल्यात घडलं याचं नवल वाटायला नको. १९२० साली टिळक गेले, तेव्हा पार्ल्याच्या मंडळींनी त्यांच्या नावाने शाळा काढली, १९२१चं पार्ले टिळक विद्यालय. मग १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून संस्था काढायची आणि ती शंभर वर्षं चालवायची, ही त्या उपनगराची जुनी खोड आहे. सगळ्याच उपनगरांचं नशीब इतकं थोर नाही.

खेड्यात हे प्रकरण वेगळ्या रीतीने चालतं. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. ब्रिटिशांनी तिथे स्मारक उभारलं आणि गावाने ते आपलं मानलं. देशावर आणि कोकणात अशा कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या आहेत. १९१४ ते १९१९च्या लढाईत या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके परतले नाहीत, एवढाच मजकूर. नावंही नाहीत, नुसते आकडे. तरी ती पाटी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असते आणि येताजाता नजरेला पडते, कारण गावाला वेस असते, पार असतो, सगळ्यांची मिळून एक भिंत असते.

उपनगराला वेस नसते. भांडुप कुठे संपतं आणि मुलुंड कुठे सुरू होतं, हे स्टेशनची पाटी वाचून कळतं. शिवाय इथला माणूस दोन ठिकाणचा असतो. बोरिवलीच्या चाळीत वाढलेला, कांदिवलीच्या मैदानात भरतीसाठी धावलेला पोरगा कागदोपत्री सिंधुदुर्गातल्या नाहीतर साताऱ्यातल्या गावाचा असतो. तो पडला की पार्थिव पुष्कळदा गावी जातं. स्मारकाची वर्गणी गावाचं मुंबई मंडळ गोळा करतं, आणि ते मंडळ भरतं असल्फ्याच्या नाहीतर विक्रोळीच्या कुणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत. पैसा उपनगराचा, दगड गावाचा. उपनगरात उरते ती चौकातली एक पाटी.

पाटीच का, याला कायद्याचंही कारण आहे. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावलं की सार्वजनिक रस्त्यांवर आणि पदपथांवर पुतळे किंवा तत्सम बांधकामांना परवानगी द्यायची नाही. उपनगरात रस्ता आणि पदपथ सोडून सार्वजनिक जागा उरते ती उद्यानापुरती, आणि उद्यानासाठी आधीच दहा दावेदार असतात. मग लोक नावाकडे वळतात. त्याची वाट अशी: रहिवाशांनी अर्ज करायचा, नगरसेवकाचं शिफारसपत्र जोडायचं, विभाग कार्यालयात द्यायचं. पार्लेकर असाल तर के-पूर्व, घाटकोपरला एन, मुलुंडला टी, बोरिवलीला आर-मध्य. त्या रस्त्याला किंवा चौकाला आधीचं नाव आहे का, हे तिथे तपासतात. मग प्रस्ताव स्थापत्य समिती (उपनगरे) पुढे जातो, तिथून पुढे सभागृहाकडे. ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत समित्याच नव्हत्या, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवक नाही, तर शिफारस कोणाची घ्यायची आणि पाठपुरावा कोणी करायचा?

मंजुरी मिळाली की येतो फलक. उपनगरातल्या अशा एखाद्या चौकाचा नामफलक कधी नीट वाचून पाहा. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वरच्या ओळीत 'शहीद' किंवा 'वीर जवान' आणि नाव. त्याखाली 'नामकरण समारंभ'. त्याखाली 'शुभहस्ते', मग 'प्रमुख उपस्थिती', मग 'विशेष सहकार्य', मग 'संकल्पना'. संकल्पना कुणाची, हे मोठ्या टायपात. गेलेला माणूस कोणत्या पलटणीचा होता, कुठे पडला, कधी पडला, याला बहुधा जागा उरत नाही. पाच-सहा वर्षांत सोनेरी रंग उडतो, खोदलेल्या अक्षरांत धूळ बसते, खालच्या कोपऱ्यात शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटते. फलकासमोर वडापावची गाडी लागते. गाडीवाल्याला मी दोष देणार नाही. निदान त्याच्यामुळे तिथे रोज चार माणसं उभी राहतात आणि 'कुठे भेटायचं' म्हटल्यावर त्या जवानाचं नाव घेतात. पत्त्यात नाव गेलं की ते टिकतं. विमा पॉलिसीवर, आधार कार्डावर, कुरियरच्या खोक्यावर ते लिहिलं जातं. रिक्षावाल्याला कॅप्टन गोऱ्यांचा इतिहास ठाऊक नसेल, पण तो त्या पुलावरून नेतो. हे काही अगदीच कमी नाही.

तारखेचंही उपनगरात एक वेगळंच त्रांगडं आहे. २६ जुलै हा कारगिल विजय दिवस. १९९९च्या त्या लढाईत ५२७ जवान गेले. दिल्लीत, द्रासला, पुण्यात त्या दिवशी कार्यक्रम होतात. पण कुर्ला, कलिना, सांताक्रूझ, बोरिवली या पट्ट्यात 'सव्वीस जुलै' म्हटलं की कुणालाही कारगिल आठवत नाही. आठवतो २००५चा प्रलय, सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत मोजलेला ९४४ मिलिमीटर पाऊस, मिठी नदी, गळ्याइतक्या पाण्यातून घरी चालत आलेली माणसं. त्या दिवशी कारगिलचा कार्यक्रम करायचा तर मांडव घालावा लागतो आणि मांडवात बसलेले लोक पावसाच्याच गोष्टी काढतात. स्मरणाच्या बाबतीत एका तारखेने दुसऱ्या तारखेला असं बाजूला सारलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

दहिसरचा नाका ओलांडला की मिरा रोड. मेजर कौस्तुभ राणे तिथले, मूळचे सिंधुदुर्गातल्या वैभववाडीकडचे. ७ ऑगस्ट २०१८ रोजी गुरेझमध्ये घुसखोरांशी लढताना ते आणि त्यांचे तीन सहकारी गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला मिरा रोड लोटलं होतं. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण घेतलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्या लष्करात अधिकारी झाल्या. त्यांच्या आधी साताऱ्याच्या कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनीही हेच केलं होतं. त्यावर खूप लिहून आलं आहे, मी भर घालत नाही.

मला घाटकोपरबद्दल सांगायचं आहे.

पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून, घाटकोपर पूर्वेला, माता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगर अशा दोन वस्त्या शेजारी शेजारी. कामराज नगरात मुरली नाईकचं कुटुंब राहायचं. मूळ गाव आंध्रात, श्री सत्यसाई जिल्ह्यातला कल्ली तांडा. वडील मजुरी करायचे, आई घरकामाला जायची. मुरली २०२२ मध्ये अग्निवीर म्हणून लष्करात गेला. पहलगामच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, नियंत्रण रेषेवर तोफा धडधडू लागल्या, आणि ९ मे २०२५ रोजी जम्मू-काश्मीरमध्ये सीमेपलीकडून झालेल्या माऱ्यात तो गेला.

बातमी आली तेव्हा मुंबईतल्या वाहिन्यांच्या गाड्या कामराज नगराकडे धावल्या. 'घाटकोपरचा सुपुत्र' अशी पट्टी पडद्यावर सरकू लागली. पण दाखवायला घर नव्हतं. पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचा आहे आणि या दोन्ही वस्त्यांचा पुनर्विकास करायचा आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून तो करतात. त्यासाठी घरं पाडणं चालू होतं, नाईकांचंही पाडलं गेलं होतं, आणि कुटुंब गावी होतं. मग वस्तीतल्या लोकांनी जिथे जागा मिळेल तिथे फोटो लावला, हार घातला, मेणबत्त्या लावल्या, फ्लेक्स टांगले. लष्करी गणवेशातला कोवळा पोरगा, मागे तिरंगा, खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे गोल चौकटीतले चेहरे. फ्लेक्सबद्दल नाक मुरडणं सोपं आहे. ज्या वस्तीच्या स्वतःच्या भिंती पडताहेत, तिला दगडात काय कोरता येणार? बांबू, दोरी आणि फ्लेक्स एवढंच हाताशी असतं, आणि तो एका रात्रीत छापून मिळतो.

आंध्र सरकारने मात्र हात आखडता घेतला नाही. ५० लाख रुपये, पाच एकर जमीन, घरासाठी ३०० चौरस यार्ड जागा, कुटुंबात एकाला नोकरी. उपमुख्यमंत्री पवन कल्याण आणि मंत्री नारा लोकेश अंत्यसंस्काराला गेले. तांड्यात त्याचं स्मारक होईल, यात शंका नाही. मुंबईत तो मोठा झाला, मुंबईत त्याचे आईबाप राबले, पण इथल्या मतदारयादीच्या हिशेबात तो परगावचा. दोन ठिकाणच्या माणसाचं हे असं होतं. गाव त्याला पुरतं आपलं म्हणतं आणि उपनगर चार दिवस.

त्यात अग्निवीर असण्याचा पेच. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी. कर्तव्यावर मृत्यू आला तर ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी. रक्कम लहान नाही. पण नियमित जवानाच्या घरच्यांना जे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते यात नाही. २०२५च्या अखेरीस मुरलीच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. एकाच मोर्चावर, एकाच माऱ्याखाली दोन जवान उभे असतात. मरण आलं तर एकाच्या आईला आयुष्यभर निवृत्तिवेतन आणि दुसऱ्याच्या आईला एकदाच पैसे, हा भेद का, असा त्या याचिकेचा मथितार्थ. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं खरं स्मारक ही याचिका आहे. तिचा निकाल काहीही लागो, मुरली नाईक हे नाव न्यायालयाच्या दप्तरात कायमचं गेलं, आणि पुढे ज्या ज्या अग्निवीराच्या घरी ही वेळ येईल त्याच्या वकिलाला ते नाव घ्यावं लागेल.

शेजारच्या रमाबाई नगरात स्मरण ही चार दिवसांची बाब कधीच नव्हती. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या घातल्या, दहा जण गेले. वस्ती त्यांना शहीद म्हणते आणि दर ११ जुलैला मानवंदना देते. पण त्याहून जुनी एक मानवंदना आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री बाकीची मुंबई नाचगाण्यात असते तेव्हा घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड, चेंबूरच्या वस्त्यांतून बसगाड्या आणि जीपगाड्या भरून निघतात. निळे झेंडे, डबे, लहान पोरं, म्हाताऱ्या आज्या. पहाटे पुणे-नगर रस्त्यावर पेरणे गावच्या हद्दीत भीमेकाठी उतरायचं आणि विजयस्तंभाला सलाम करायचा.

१ जानेवारी १८१८. शिरूरहून रात्रभर चालत आलेली कंपनी सरकारची तुकडी, सगळी मिळून आठशेच्या आसपास माणसं, दोन तोफा, कॅप्टन स्टाँटन. समोर दुसऱ्या बाजीरावाची फौज, इंग्रजांच्या अंदाजाने २८ हजारांची. कोरेगाव गावात शिरून दिवसभर लढाई चालली. पाणी नव्हतं, अन्न नव्हतं. कंपनीचे २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. १८२१ साली इंग्रजांनी तिथे स्तंभाची पायाभरणी केली आणि मेलेल्यांची नावं कोरली. ४९ नावांपैकी २२ महार सैनिकांची आहेत, शेवटी 'नाक' असलेली. मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, बेने इस्रायलीही आहेत. त्या दिवशी कोण कशासाठी लढलं, यावर इतिहासकार आजही भांडतात आणि भांडोत.

मला त्या स्तंभाच्या पुढच्या आयुष्यात जास्त रस आहे. तो दगड इंग्रजांनी स्वतःच्या विजयासाठी उभारला. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ज्यांची नावं खांबावर, त्यांच्या नातवंडांना पलटणीचं दार बंद. शिवराम जानबा कांबळे यांनी अर्जावर अर्ज केले. आणि १ जानेवारी १९२७ रोजी सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा, डॉ. भीमराव आंबेडकर, त्या स्तंभापाशी गेला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा सुरुवातीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. इंग्रजांचा स्तंभ असा दुसऱ्यांचा झाला. तिथे कुणी नवा दगड बसवला नाही, जुना पाडला नाही. लोक वर्षानुवर्षं जात राहिले, इतकंच. २०१८ साली द्विशताब्दीच्या दिवशी तिथे दंगल झाली, ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, पूर्व द्रुतगती मार्ग रमाबाई नगरापाशी अडवला गेला. पुढच्या वर्षी गर्दी घटेल असं ज्यांना वाटलं होतं, त्यांचा अंदाज चुकला.

मुरली नाईकला असा खांब नाही. पण त्याच्या वस्तीच्या शेजारी दोनशे वर्षांपूर्वीच्या शिपायांना न चुकता भेटायला जाणारी माणसं राहत होती, आणि तीही आता त्याच पुनर्विकासात घरं सोडून भाड्याच्या खोल्यांत पांगली आहेत. वस्तीच्या जागी उंच इमारती होतील, त्यांच्या मधून अंतर्गत रस्ते जातील. रस्ते झाले की त्यांना नावं लागतील. अर्ज एन विभागात करायचा असतो, आणि अर्जावर स्थानिक रहिवाशांच्या सह्या हव्या असतात. कामराज नगरातले रहिवासी सध्या स्थानिक नाहीत. सह्या गोळा करायच्या तर आधी पांगलेल्यांचे पत्ते शोधावे लागतील. नगरसेवक मात्र चार वर्षांनी पुन्हा आला आहे, त्यामुळे शिफारसपत्राची अडचण उरलेली नाही.